प्रतिकाराचे आयुष्य

बटाट्याच्या वाणाच्या माहितीपत्रकात एक ओळ हमखास असते : 'उशिरा येणाऱ्या करप्यास प्रतिकारक'. कधी 'मध्यम प्रतिकारक', कधी नुसतेच 'सहनशील'. बेणे घेताना शेतकरी भावाखालोखाल याच ओळीची चौकशी करतो, आणि ते योग्यच आहे. आंबेगाव-खेडच्या पट्ट्यात, सातगाव पठारावर, खरिपाचा बटाटा ऐन पावसाळ्यात वाढतो. सलग आठवडाभर आभाळ राहिले, सकाळी धुई उतरली, पाला दिवस दिवस वाळलाच नाही, की करपा शेताचे काय करतो हे तिथे कोणाला सांगावे लागत नाही. पण त्या छापील ओळीत एक गोष्ट लिहिलेली नसते. हा वाण कोणत्या करप्याला प्रतिकारक आहे, आणि कधीपर्यंत? न लिहिलेल्या त्या अर्ध्या ओळीसाठी हे पुस्तक लिहिले आहे.

बटाट्याची साल लाल असेल तर ती जालंधरला लाल असते तशी साताऱ्यातही लाल असते, आणि पन्नास वर्षांनीही लालच राहील. रोगप्रतिकाराचे तसे नाही. बटाटा आणि रोगजंतू अशा दोन जिवांमधला तो संबंध आहे, आणि त्यांतला दुसरा जीव सतत बदलत असतो. १९६८ साली 'कुफरी ज्योती' हा वाण आला तो करप्याला टिकणारा म्हणून, आणि डोंगराळ भागात काही काळ तो खरोखर टिकला. पुढे त्याच डोंगरांत ज्योतीचा पाला काळा पडू लागला. ज्योतीत काही बिघडले नव्हते. बटाटा कंदावरून लावला जातो, त्यामुळे आजची ज्योती जनुकांच्या हिशेबाने १९६८ चीच ज्योती आहे. बदलला होता तो करपा. तिचे डोळे उथळ आहेत, ती वेगवेगळ्या हवामानांत रुळते, म्हणून शेतकऱ्यांनी तिला अजून सोडलेले नाही. पण ज्या गुणासाठी तिचे स्वागत झाले, तो गुण तिच्याकडून केव्हाच निघून गेला. बटाट्याच्या पैदाशीत काम करणाऱ्या प्रत्येकाने वाणांची अशी चरित्रे आधी वाचावीत असे मला वाटते. उत्पादनाचे आकडे नंतर पाहता येतात.

करप्याच्या जंतूला आपण सवयीने बुरशी म्हणतो आणि त्यावर बुरशीनाशक फवारतो. 'फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स' ही खरी बुरशी नव्हे. तिच्या पेशींच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजवर्गीय द्रव्यांच्या असतात आणि तिचे दूरचे नातलग समुद्रातल्या तपकिरी शैवालांत सापडतात. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराची झोप उडवणारा डाऊनी, म्हणजे केवडा, तोही याच गोतावळ्यातला. या मंडळींची सारी शक्ती पाण्यात आहे. थंड, ओल्या पानावर पडलेल्या एका बीजाणूधानीतून पोहणारे अनेक बीजाणू बाहेर पडतात, पानावरच्या पाण्याच्या थरात पोहत जागा शोधतात आणि आत शिरतात. हवा साथ देत असेल तर चार-पाच दिवसांत पानाच्या खालच्या अंगाला पांढरी लव दिसते, आणि त्या लवेतून हजारो नव्या बीजाणूधान्या वाऱ्यावर निघतात. इतक्या वेगाने ज्याच्या पिढ्या उलटतात, त्याच्याशी वर्षातून एकदा किंवा दोनदा लावल्या जाणाऱ्या आणि स्वतः न बदलणाऱ्या पिकाची गाठ आहे. हा असमतोल ध्यानात ठेवला की पुढचे बरेचसे कळते.

१८४५ च्या उन्हाळ्यात हा रोग बेल्जियममध्ये दिसला आणि सप्टेंबरपर्यंत आयर्लंडमध्ये पोचला. आयर्लंडमधल्या गरिबाच्या ताटात बटाट्याखेरीज फारसे काही नव्हते, आणि त्यातही 'लंपर' या एकाच वाणाचा बोलबाला होता. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि साथीच्या आजारांनी मेली, आणखी तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांच्या आसपास आली. या सगळ्याचे खापर एका जंतूवर फोडणे मला मान्य नाही. त्याच वर्षांत आयर्लंडमधून धान्य बाहेर जात होते, आणि लंडनच्या सरकारने मदतीत कद्रूपणा केला. पाला करप्याने नेला. माणसे का मेली याचे उत्तर राज्यकर्त्यांच्या धोरणातही शोधावे लागते. तरीही जनुकशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या दुष्काळातून एक गोष्ट घ्यायलाच हवी. लंपरचे प्रत्येक झाड म्हणजे त्याच एका झाडाची प्रत होती. एकाला जे सोसले नाही ते कोणालाच सोसले नाही.

रोग कशाने होतो यावर तेव्हा मोठा वाद होता. ओल्या हवेने झाड कुजते आणि त्यावर मग बुरशी वाढते, असे बहुतेकांचे म्हणणे. माइल्स बर्कली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८४६ मध्ये उलट सांगितले : आधी बुरशी, मग कूज. त्याचे म्हणणे प्रयोगांनी सिद्ध केले ते जर्मन शास्त्रज्ञ अँटोन द बारी याने, आणि १८७६ मध्ये जंतूला आजचे नावही त्यानेच दिले. भारतात हा रोग १८७० ते १८८० च्या दरम्यान निलगिरीत आला आणि १८८३ मध्ये दार्जिलिंगला दिसला.

आता बटाट्याकडे येऊ. पैदासकाराच्या दृष्टीने हे पीक मोठे हट्टी आहे. माणसात किंवा भातात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. लागवडीच्या बटाट्यात चार. बारा गुणसूत्रांचे चार संच, एकूण अठ्ठेचाळीस. या चारही प्रती एकमेकींपासून वेगळ्या असू शकतात, आणि बहुधा असतातच. त्यामुळे दोन उत्तम वाणांचा संकर केला तर त्याच्या बियांतून निघणारे प्रत्येक रोप निराळे. चारपैकी एकाच प्रतीत प्रतिकाराचे जनुक असेल तर ते नसलेल्या वाणाशी केलेल्या संकरात निम्मी रोपे प्रतिकारक निघतात. दोन प्रतींत असेल तर सहांतली पाच. तीन प्रतींत असेल तर जवळजवळ सगळी. म्हणून शहाणे पैदासकार आधी असे तीन-तीन, चार-चार प्रतींचे जनक तयार करण्यात वर्षे घालवतात. पण प्रतिकार ही अनेक मागण्यांपैकी एक झाली. कंदाचा आकार, डोळ्यांची खोली, साठवणीतली टिकाऊ वृत्ती, तळल्यावर काळे न पडणे, उत्पादन, पक्व होण्याचा काळ, हे सगळे प्रत्येक संकरात नव्याने विखुरते. लाखभर रोपे आणि दहा-बारा वर्षे, त्यातून एखादा वाण, हा जगभरच्या पैदासकारांचा ढोबळ हिशेब आहे.

आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण. मैदानी भागात बटाटा हिवाळ्यात, लहान दिवसांत घेतला जातो, आणि लहान दिवसांत बटाट्याला फुले नीट येत नाहीत. फूल नाही तर संकर नाही. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये शिमल्याला गेली. सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरच्या कुफरीला, उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसांत, बटाटा भरभरून फुलतो. म्हणून संकर तिथे होतात, आणि म्हणून पंजाबात वाढणाऱ्या वाणाच्या नावातही कुफरी असते. याच काळात डॉ. पुष्करनाथ यांनी विषाणू पसरवणारा मावा कमी असतो तो हंगाम गाठून मैदानातच निरोगी बेणे तयार करण्याची पद्धत बसवली. विषाणूंविरुद्धची आपली खरी ढाल अनेक वर्षे जनुकांची नव्हती, या वेळापत्रकाची होती. मंचरच्या बाजारात येणारे पंजाबचे बेणे त्या कामाचेच फळ आहे.

करप्याला टिकणारा बटाटा मिळेल ही आशा पहिल्यांदा मेक्सिकोच्या रानातून आली. रेडक्लिफ सॅलमन हा इंग्रज डॉक्टर क्षयामुळे वैद्यकी सोडून हर्टफर्डशायरमधल्या बार्ली या खेड्यात राहायला गेला आणि तिथल्या बागेत त्याने बटाट्याच्या आनुवंशिकतेवर काम सुरू केले. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, 'सोलॅनम डेमिसम' या मेक्सिकन रानबटाट्याचे रक्त असलेल्या रोपांत, आजूबाजूला सगळे करपून गेले असताना काही रोपे हिरवी राहिलेली त्याला दिसली. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या पैदासकारांनी डेमिसममधून एकूण अकरा प्रतिकारक जनुके ओळखली : आर-१ पासून आर-११ पर्यंत. एकेक जनुक वाणात उतरवायचे, वाण शेतात द्यायचा, काही वर्षे समाधानात जायची, आणि मग एका ओल्या हंगामात नवा करपा तो वाण सहज खाऊन टाकायचा. पुन्हा दुसरे जनुक. हे चक्र इतक्या वेळा फिरले की डेमिसमवरचा विश्वासच उडाला.

असे का होते याचा पहिला उलगडा बटाट्यावर झाला नाही, जवसावर झाला. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामध्ये हॅरोल्ड फ्लॉर जवस आणि त्यावरचा तांबेरा या दोघांचेही संकर एकाच वेळी करत होता. रोग्याची आनुवंशिकता आणि रोगाची आनुवंशिकता एकत्र मांडणारा तो पहिला. १९४० च्या दशकात त्याने दाखवले, की पिकातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला तोडीस तोड असे एक जनुक रोगजंतूत असते. जंतूतले ते जनुक शाबूत असेल तर पीक त्याला ओळखते. ते मोडले, हरवले किंवा बदलले, की पिकाचे जनुक जागच्या जागी असूनही निरुपयोगी होते.

या ओळखीची यंत्रणा रेणूंच्या पातळीवर कळायला आणखी अर्धे शतक गेले. करप्याचा जंतू पानात शिरतो तेव्हा तो वनस्पतीच्या पेशीत प्रथिनांची एक फौज सोडतो. पेशीचे संरक्षण लुळे पाडायचे, हे त्या प्रथिनांचे काम. जंतूच्या जनुकसंचात अशी पाचशेहून अधिक प्रथिने लिहिलेली आहेत. बटाट्याची आर जनुके पेशीत पहारा देणारी प्रथिने तयार करतात. हा पहारा गावाच्या वेशीवरच्या जागल्यासारखा असतो : चोर कोण हे त्याला ठाऊक नसते, एका विशिष्ट चालीचा माणूस दिसला की हाळी द्यायची एवढेच तो जाणतो. हाळी दिली की ती पेशी आणि तिच्या शेजारच्या काही पेशी स्वतःहून मरतात. जिवंत पेशीवर जगणारा जंतू त्या मेलेल्या ठिपक्यात अडकतो. पानावर टाचणीच्या टोकाएवढा डाग उमटतो आणि झाड वाचते. पण पाचशेंपैकी तेवढे एक प्रथिन जंतूने बदलले, की पहारा चालू असूनही हाळी दिली जात नाही.

२००९ मध्ये करप्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा जंतू इतक्या लवकर कसा बदलतो याचाही अंदाज आला. त्याच्या डीएनएचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पुन:पुन्हा येणाऱ्या तुकड्यांनी भरलेला आहे. पेशीचे रोजचे कामकाज चालवणारी जनुके दाटीवाटीने, सुरक्षित ठिकाणी आहेत; हल्ल्याची जनुके मात्र या तुकड्यांच्या विरळ, अस्थिर रानात विखुरलेली आहेत, जिथे तुटणे, दुणावणे, हरवणे सतत चालू असते. संसाराला धक्का न लावता हत्यारे बदलत राहण्याची सोय त्याच्या रचनेतच आहे. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी संग्रहालयांत जपलेल्या, एकोणिसाव्या शतकातल्या करपलेल्या पानांतून दुष्काळातल्या जंतूचा डीएनए मिळवला. आर-१ जनुकाला ओळखता येते ते प्रथिन त्या जुन्या जंतूत शाबूत होते. ते लपवण्याची त्याला गरजच पडली नव्हती, कारण तेव्हाच्या युरोपातल्या कोणत्याच बटाट्यात डेमिसमचे जनुक नव्हते. आर-१ निकामी झाले ते आपण ते वापरल्यामुळे. पैदासकार वाण निवडतो तेव्हा तो नकळत जंतूचीही निवड करत असतो, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही.

दक्षिण आफ्रिकेतला शास्त्रज्ञ जे. ई. व्हॅन डर प्लँक याने १९६३ च्या आपल्या ग्रंथात यावरून एक भेद केला, तो आजही उपयोगी आहे. एका मोठ्या जनुकाचा प्रतिकार काही जातींच्या जंतूंना पूर्ण थोपवतो आणि इतरांना मुळीच नाही. त्याला त्याने उभा प्रतिकार म्हटले. दुसरा आडवा : अनेक लहान जनुकांचा, पूर्ण न थोपवणारा, पण सगळ्याच जंतूंची चाल मंदावणारा. डाग लहान पडतात, लव उशिरा येते, बीजाणू कमी तयार होतात. असा वाण करपतो, पण सावकाश, आणि तेवढ्या अवधीत कंद भरून निघतात. व्हॅन डर प्लँकने एक धोकाही दाखवला आणि त्याला 'व्हर्टिफोलिया' या जर्मन वाणाचे नाव दिले. मोठ्या जनुकाच्या आडोशाला पैदास चालू असते तेव्हा शेतात रोगच दिसत नाही; रोग दिसत नाही म्हणून आडवा प्रतिकार किती उरला आहे हे कोणी तपासत नाही; आणि तो पिढ्यान्‌पिढ्या गळत जातो. मोठे जनुक पडते त्या दिवशी खाली काहीच उरलेले नसते. व्हर्टिफोलियाचे असेच झाले.

मग सगळ्यांनी आडवा प्रतिकारच का घेतला नाही? इथे या विषयातली मला सर्वांत कठीण वाटणारी गाठ आहे. शेतात सावकाश करपणारे बटाटे बहुधा उशिरा पक्व होणारे असतात. पाचव्या गुणसूत्रावर एका भागात पक्वतेचे मुख्य जनुक आहे. दिवसाची लांबी ओळखून कंद केव्हा धरायचे हे ते ठरवते, आणि २०१३ मध्ये ते नेमके सापडले. शेतातल्या प्रतिकाराचा मोठा वाटा याच भागाशी जोडलेला दिसतो. लवकर कंद धरणारे झाड लवकर म्हातारे होते, आणि म्हातारा पाला करप्याला लवकर बळी पडतो. आता आपल्या शेतकऱ्याची गरज पाहा. मैदानात गव्हाआधी किंवा भातानंतर मिळालेल्या सत्तर ते नव्वद दिवसांत त्याला बटाटा काढायचा असतो. 'कुफरी पुखराज' १९९८ मध्ये आला आणि देशभर पसरला तो लवकर भरतो म्हणूनच. युरोपातला एखादा पैदासकार सव्वाशे-दीडशे दिवसांचा टिकाऊ वाण देऊ शकतो. पंजाबला किंवा पुण्याला तो वाण नकोच असतो. 'कुफरी गिरधारी'सारखा चांगला प्रतिकारक वाण डोंगरांसाठी देता आला. पण लवकर येणारा आणि तरीही सावकाश करपणारा बटाटा, हे आपल्या पैदासकारांसमोरचे खरे काम आहे, आणि बाहेरून कोणी ते आपल्यासाठी करून देणार नाही.

प्रत्येक प्रतिकार लवकरच पडतो असे मात्र नाही, आणि म्हणूनच या पुस्तकात करप्याखेरीज सूत्रकृमीवरही एक प्रकरण आहे. अँडीजमधल्या एका बटाट्यात १९५२ मध्ये सापडलेल्या एच-१ या एकाच जनुकाने गोलाकार पुटीच्या सोनेरी सूत्रकृमीला ब्रिटनमध्ये अर्ध्या शतकाहून अधिक काळ रोखून धरले. १९६६ चा 'मॅरिस पायपर' त्याच जनुकावर उभा आहे. सूत्रकृमी मातीत राहतो, वाऱ्याने उडत नाही, हंगामात त्याची बहुधा एकच पिढी होते. शत्रू मंद असला की एकटे जनुकही पुरते. पण तिथेही एक किंमत मोजावी लागली : सोनेरी भाऊ हटला आणि एच-१ ज्याला ओळखत नाही तो फिका भाऊ त्या रिकाम्या जागी पसरला. निलगिरीत १९६१ मध्ये हे सूत्रकृमी सापडले. तिथे 'कुफरी स्वर्ण', आणि अलीकडे 'कुफरी सह्याद्री', हे वाण याच गरजेतून आले. विषाणूंच्या बाबतीतही 'एक्स' आणि 'वाय' या विषाणूंविरुद्धची काही जनुके दीर्घकाळ टिकली आहेत. प्रतिकाराचे आयुष्य किती, याचे उत्तर जनुकाइतकेच शत्रूच्या राहणीत दडलेले असते.

करप्याची राहणी तर दिवसेंदिवस अधिक अवघड होत चालली आहे. मेक्सिकोच्या तोलुका खोऱ्यात त्याचे दोन समागम-प्रकार, ए-१ आणि ए-२, शेजारी शेजारी राहतात. त्यांच्या मीलनातून जाड भिंतीचे बीजाणू तयार होतात. ते मातीत हिवाळा काढतात आणि दर वेळी जनुकांची नवी जुळणी घेऊन येतात. जॉन नीडरहाउझर याने तिथे करप्याच्या अभ्यासात आयुष्य घालवले आणि १९९० चा जागतिक अन्न पुरस्कार त्याला मिळाला. बाकीच्या जगात कित्येक दशके एकटा ए-१ फिरत होता. युरोपात ए-२ ची नोंद १९८४ मध्ये झाली, भारतात १९९० च्या दशकात हिमाचलच्या डोंगरांत. नंतर १३-ए-२ नावाची आक्रमक, मेटॅलॅक्झिल या औषधाला न जुमानणारी वंशावळ युरोपात माजली आणि काही वर्षांतच दक्षिण भारतात टोमॅटो व बटाट्यावर सापडली. बेणे जगभर फिरते तेव्हा रोगाच्या वंशावळीही त्याच्याबरोबर फिरतात.

एवढे सगळे पाहिल्यावर रानबटाट्यांकडे पुन्हा वळणे भाग होते, पण या वेळी दुसऱ्या रीतीने. मेक्सिकोतलाच 'सोलॅनम बल्बोकास्टॅनम' जवळपास सगळ्या करप्यांना तोंड देतो. अडचण अशी, की लागवडीच्या बटाट्याशी त्याचा सरळ संकर होत नाही. बीमधला भ्रूणपोष नीट वाढत नाही. डच संशोधकांनी १९५९ मध्ये मधल्या दोन जातींचा पूल बांधून त्याचे जनुक आणायला सुरुवात केली. 'बिओनिका' आणि 'तोलुका' हे वाण हाती आले ते ४६ वर्षांनी. एका जनुकासाठी एका माणसाची सबंध कारकीर्दही पुरली नाही. दुसरीकडे २००३ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या दोन गटांनी त्याच जातीतले आरबी जनुक वेगळे करून थेट बटाट्यात घातले. शिमल्यातही आरबी असलेल्या अमेरिकन झाडाचा कुफरी ज्योतीशी संकर करून आश्वासक झाडे निवडली गेली, पण ती शेतकऱ्यापर्यंत पोचलेली नाहीत. युगांडात 'व्हिक्टोरिया' या वाणात तीन रानजनुके एकत्र घालून घेतलेल्या चाचण्यांत तो फवारणीविना निरोगी राहिला.

यावर माझे मत मी लपवत नाही. बटाट्याचे जनुक बटाट्यात जाते आणि त्यामुळे प्रत्येक आभाळाला पंप पाठीवर घेण्याची वेळ टळते, तर त्याला नुसत्या पद्धतीवरून नकार देणे मला पटत नाही. शेतमजुराच्या फुप्फुसात जाणारे औषध हीसुद्धा एक जोखीमच आहे, आणि ती आज घेतली जात आहे. पण तितक्याच ठामपणे हेही सांगतो, की असे जनुक एकेकटे बाजारात सोडू नये. आरबीलाही चुकवणारे बदल जंतूत सापडले आहेत. तीन जनुके एकदम चुकवायला जंतूला तीन बदल एकाच वेळी हवेत, आणि ते फार दुर्मीळ. तीच जनुके एकामागून एक दिली तर आपण त्याला पायऱ्या बांधून देतो. कंपन्यांनी आणि संस्थांनी आपापले जनुक वेगवेगळ्या वाणांत घालून विकणे, ही माझ्या मते सामायिक ठेव उधळणे आहे. भारत सरकारने २०२२ मध्ये, बाहेरचा डीएनए न राहणाऱ्या काही प्रकारच्या जनुक-संपादनाला कडक नियमांतून सूट दिली. जंतू ज्यांचा आधार घेतो ती बटाट्याची स्वतःची जनुके बंद करण्याचे प्रयोग त्या वाटेने जाऊ शकतील.

आणखी एक वाट बटाट्याचा स्वभावच बदलू पाहते. चारऐवजी दोनच संचांचा बटाटा, शुद्ध वंश आणि मग मक्यासारखा संकर. दोन संचांचे बटाटे स्वतःच्या परागाने फळत नाहीत. 'सोलॅनम चाकोएन्स' या रानजातीतले एक जनुक ती अडवणूक दूर करते. नेदरलँड्स, अमेरिका आणि चीनमध्ये यावर जोरात काम चालू आहे. हे साधले तर प्रतिकारक जनुके एकावर एक रचणे काही वर्षांचे काम होईल, आणि हेक्टरी दोन-अडीच टन बेण्याऐवजी काही ग्रॅम बी पुरेल.

मात्र या सगळ्या वाटा ज्या ठेवीतून निघतात, ती ठेव कोणीतरी जपली म्हणून आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्हने १९२५ मध्ये बुकासोव्ह आणि युझेपचुक या सहकाऱ्यांना मेक्सिको आणि अँडीजकडे पाठवले. रानबटाट्यांचा पहिला मोठा शास्त्रीय संग्रह त्यांनी लेनिनग्राडला आणला. वाविलोव्ह १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मेला. वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्याच्या सहकाऱ्यांनी तोफांच्या माऱ्याखाली पाव्हलोव्हस्कच्या शेतातून बटाट्याचे नमुने खणून काढले आणि थंडीत राखले. बियाण्यांच्या पोत्यांशेजारी त्यांच्यातले काहीजण उपासमारीने मेले, पण त्यांनी बियाणे खाल्ले नाही. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात आज अँडीजचे चार हजारांहून अधिक वाण आहेत. पण रानजाती ज्या डोंगरउतारांवर उगवतात ते उतार नांगरले जात आहेत, चरले जात आहेत, तापत आहेत.

हे पुस्तक मी कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि विचार करणाऱ्या बागायतदारांसाठी लिहिले. गणिताची प्रकरणे जड वाटली तर आधी वाणांची चरित्रे वाचा आणि मग मागे या. बेणे घेताना 'प्रतिकारक आहे का' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या जनुकाने, कोणत्या करप्याविरुद्ध, कोणत्या वर्षी तपासून, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा. आणि आपल्या कृषी विद्यापीठांना माझी विनंती आहे, की वाणाच्या मराठी माहितीपत्रकात हे तीन तपशील छापावेत आणि दर काही वर्षांनी नव्याने तपासून दुरुस्त करावेत.